हिशेब देणारा आणि हिशेब घेणारा एकच नको

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या मतदारांना, आणि विशेषतः जे कुठल्या ना कुठल्या पदावर बसले आहेत किंवा बसू पाहत आहेत त्यांना, एक विनंती आहे. ज्या दोन पदांपैकी एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं, ती दोन्ही पदं एकाच माणसाच्या हाती देऊ नका. तुमच्याकडे आज अशी दोन पदं असतील, तर त्यातलं एक सोडा.

ही विनंती कुठल्या एका पक्षासाठी नाही. आपल्याकडे सगळ्याच पक्षांत हे चालतं आणि वाईट हेतूने क्वचितच सुरू होतं. गावात एखादा धडपड्या माणूस असतो. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर तो गाडी काढतो, तहसीलला सोबत येतो, बँकेत ओळख देतो. लोक त्याला सरपंच करतात. वर्षभरात सोसायटीची निवडणूक लागते, ‘कशाला उगीच खर्च, बिनविरोध करू’ म्हणून चेअरमनही त्यालाच करतात. पोरगं गावच्या शाळेत असतं, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवरही त्याचंच नाव येतं. तंटामुक्तीचा अध्यक्ष निवडायची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, ‘त्यांनाच राहू द्या की.’ प्रत्येक वेळी कारण चांगलंच असतं. पाच वर्षांनी मात्र गावातल्या प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर एकच सही दिसायला लागते.

यात बिघडतं काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण ते वरवर पाहता दिसत नाही.

समजा, अहमदपूर किंवा कंधार तालुक्यातलं हजार-बाराशे मतांचं एक गाव आहे. तिथला तीन एकरांचा शेतकरी सोयाबीन आणि तूर घेतो. एप्रिल-मे महिना त्याच्यासाठी पीककर्जाचं नवं-जुनं करण्याचा. जुनं भरायचं, नवं उचलायचं, म्हणजे मृगाला बियाणं-खताला पैसा हाती राहतो. त्यासाठी सोसायटीचा गटसचिव कर्जाचं क. म. पत्रक तयार करतो, सोसायटीच्या संचालक मंडळापुढे ते जातं, चेअरमनची सही होते आणि मग कागद जिल्हा बँकेच्या शाखेत पोचतो. याच दिवसांत १ मेची ग्रामसभा येते. गल्लीतली नाली गेल्या पावसात फुटलेली असते. ती बांधताना सिमेंटची किती पोती उतरली हे या शेतकऱ्याने ओट्यावर बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलंय, असं त्याला विचारायचं असतं. तो ग्रामसभेला येतोही, पण मागे भिंतीला टेकून बसतो. समोर टेबलामागे बसलेला सरपंच हाच सोसायटीचा चेअरमन असतो. शेतकऱ्याने मनात हिशेब केलेला असतो: नाली काय, कधीतरी होईल, पेरणी थांबत नाही. शेजारी बसलेला हळूच म्हणतो, ‘जाऊ द्या मालक, कशाला वाईटपणा घ्यायचा.’ ग्रामसभा संपते. प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जातं की झालेल्या कामांना ग्रामसभेने सर्वानुमते मान्यता दिली.

इथे कुणी कुणाला धमकी दिलेली नाही. कुणाचं कर्ज अडवलेलं नाही. तो सरपंच सज्जनही असेल, विरोधात बोलणाऱ्याची फाईलही त्याने मुकाट सही करून दिली असती. पण ते शेतकऱ्याला आधी कळणार कसं? दोन पदं एका हातात आली की त्या माणसाने काहीही न करता गाव गप्प होतं. नुकसान होतं ते एवढंच, आणि ते फार मोठं आहे. पैसे खाल्ले तर लेखापरीक्षणात कधीतरी सापडतात. न विचारलेला प्रश्न कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

रेशनचंही असंच. स्वस्त धान्य दुकानावर लक्ष ठेवायला गावपातळीवर दक्षता समिती असते आणि सरपंच तिचा अध्यक्ष असतो. धान्य किती आलं, किती वाटलं, ई-पॉसवर अंगठा लागला पण गहू मिळाला नाही अशी तक्रार कुणाची आहे का, हे त्या समितीने पाहायचं असतं. आता दुकानाचा परवाना सरपंचाच्या घरातल्याच कुणाच्या नावावर असेल, तर म्हातारीने तक्रार कुणाकडे न्यायची? तिला तालुक्याच्या पुरवठा शाखेचा रस्ता ठाऊक नसतो. एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी घालवून ती पाच किलो धान्यासाठी जाणारही नाही.

लातूरच्या आडतीत माल नेणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सोयाबीन विकणारा शेतकरी असतो, घेणारा व्यापारी असतो आणि काट्यापाशी मापाडी उभा असतो. बाजार समितीने त्याला वेगळा परवाना दिलेला असतो, कारण विकणाऱ्याने वजन करू नये आणि घेणाऱ्यानेही करू नये. व्यापारी कितीही सचोटीचा असो, ‘मीच मोजतो’ म्हणाला तर आपण कट्टा उतरवू देत नाही. मग गावचा कारभार आपण त्याच भरवशावर का सोडतो?

आता वरच्या पायरीवर चला. एखादा सरपंच त्याच वेळी जिल्हा परिषदेचाही सदस्य असेल तर काय होतं? ग्रामपंचायतीच्या कारभाराबद्दल तक्रार झाली की गटविकास अधिकारी पाहणी करतो. प्रकरण गंभीर असेल आणि सरपंचाला पदावरून काढण्यापर्यंत गोष्ट गेली, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३९व्या कलमाखाली जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडून चौकशी होते. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने या सरपंचाची चौकशी करायची, त्याच अधिकाऱ्याला हा सरपंच जिल्हा परिषदेच्या सभेत उभा राहून जाब विचारू शकतो. अधिकारी नेकीचा असला तरी त्याच्या मनावर ओझं येणारच. आणि त्याने खरोखर निर्दोष ठरवलं तरी गावातलं कुणी त्यावर विश्वास ठेवणार नाही. निर्दोष माणसालाही दोन पदांचा असा तोटा होतो.

कारभार मोजक्या हातांत एकवटण्याची ही रीत आपल्या भागात नवी नाही. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या गावांत माली पाटील महसूल बघायचा, पोलीस पाटील बंदोबस्त, आणि दप्तर पटवाऱ्याकडे असायचं. कामं वेगळी होती, पण पदं वतनाची, घराण्यात चालत आलेली. त्यामुळे गावाचा सगळा कारभार दोन-तीन वाड्यांतच फिरत राहायचा. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते राज्य गेलं, पुढे कायद्याने पाटिलकीची वतनंही गेली. सगळं एका वाड्यातून चालवण्याची सवय मात्र इतक्या लवकर जात नाही.

लोकशाहीत आल्यावरही पहिल्या काही दशकांत एका माणसाकडे अनेक पदं असणं हे कर्तबगारीचंच लक्षण मानलं जायचं. विलासराव देशमुखांची सुरुवात पाहा. १९७४ साली ते बाभळगावचे सरपंच झाले. त्याच काळात ते उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लातूर पंचायत समितीचे उपसभापतीही होते. तेव्हा लातूर जिल्हा झालेला नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. गाव, तालुका आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर एकाच वेळी काम करून मिळालेली समज त्यांना पुढे मुख्यमंत्री म्हणून उपयोगी पडली असेल, हे मी मान्य करतो. त्या काळात शिकलेले, इंग्रजीत आलेला कागद वाचू शकणारे तरुण खेड्यात थोडे होते हेही खरं. आज तसं राहिलेलं नाही. गावागावात पदवी घेतलेली पोरं आहेत, बचतगटाचे हिशेब चोख ठेवणाऱ्या बाया आहेत, निवृत्त होऊन गावी परतलेले शिक्षक आहेत. ‘दुसरा माणूस कुठे आहे?’ हा प्रश्न १९७४ साली रास्त होता. आज तो विचारणाऱ्याने शोधलेलंच नसतं.

कायदा काय म्हणतो, हे लोक नेहमी विचारतात, आणि इथे एक गैरसमज आहे. कायद्याने मनाई केली नाही म्हणजे ते योग्यच, असं पुष्कळांना वाटतं.

वरच्या पातळीवर कायदा अगदी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या १०१व्या कलमानुसार कुणालाही एकाच वेळी आमदार आणि खासदार राहता येत नाही. दोन्हीकडे निवडून आलं तर चौदा दिवसांत आमदारकी सोडावी लागते, नाहीतर खासदारकी जाते. नांदेडकरांनी हे जवळून पाहिलं आहे. २०१९ मध्ये लोह्याचे आमदार प्रतापराव पाटील चिखलीकर नांदेडमधून आणि नांदेड दक्षिणचे आमदार हेमंत पाटील हिंगोलीतून खासदार झाले. दोघांनाही आमदारकीवर पाणी सोडावं लागलं. त्यात कुणाला अन्याय वाटला नाही. दोन सभागृहांत एक माणूस बसू शकत नाही, हे सगळ्यांना पटलेलंच होतं. फ्रान्समध्ये तर खासदारांनी गावचं महापौरपदही सांभाळायची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. तिथे २०१४ मध्ये कायदा करून ती बंद केली आणि २०१७ पासून तो लागू झाला.

महाराष्ट्रात पंचायत राज उभं करताना वसंतराव नाईक समितीने हा विचार केला होता. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेवर घेऊ नये, असं त्या समितीचं मत होतं. मोठ्या नेत्यांच्या सावलीत स्थानिक माणूस वाढणार नाही, ही काळजी त्यामागे होती. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. साठ वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना जे दिसलं ते आपल्याला आज पुन्हा सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

खाली, गावात, कायदा तुकड्यातुकड्यांनी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या १४व्या कलमात अपात्रतेची यादी आहे. ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात स्वतःचा अथवा भागीदाराचा, थेट किंवा आडून, हितसंबंध असेल तर सदस्य राहता येत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात असलेलं पगारी पद घेता येत नाही. पोलीस पाटलाने राजकारणापासून दूर राहायचं असतं, हे तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. सहकार कायद्याच्या ७३-अ कलमाने एका माणसाने एकाच वेळी किती संस्थांचं अध्यक्षपद धरावं याला मर्यादा घातली आहे. पण सहकाराचा कायदा सहकारापुरतं बघतो आणि ग्रामपंचायतीचा ग्रामपंचायतीपुरतं. सरपंच आणि चेअरमन एकच असला तर दोन्ही पदं मिळून काय ताकद तयार होते, हे मोजायला यातलं एकही कलम पुढे येत नाही. ते आपल्यालाच मोजावं लागतं. निवडणुकीला उभं राहणाऱ्यांनी तर अर्ज भरण्याआधीच, आपल्याकडे आज असलेल्या पदाचा नव्या पदाशी मेळ बसतो का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावं. निवडून आल्यावर अपात्र ठरण्याची नामुष्की गावालाही भोगावी लागते.

ही दोन पदं एका हातात ठेवण्याची एवढी ओढ का असते, तेही समजून घ्या. बाजार समितीच्या अठरा संचालकांपैकी अकरा जण सोसायट्यांच्या मतदारसंघातून येतात आणि चार जण ग्रामपंचायतींच्या. उरलेले तिघे व्यापारी आणि हमाल-मापाडी यांचे. जिल्हा बँकेच्या संचालकपदाची वाटही सोसायटीतूनच जाते. म्हणजे गावात सोसायटी आणि ग्रामपंचायत ज्याच्या मुठीत, त्याला तालुक्यात किंमत. तालुक्यातला नेताही अशाच माणसाला जवळ करतो, कारण एका माणसाला धरलं की गाव हाती येतं. तुमच्या गावातला एकगठ्ठा कारभार वरच्या पुढाऱ्याच्या सोयीचा असतो. तुमच्या सोयीचा असतो का, एवढं स्वतःला विचारा.

‘दोन पदं असली की निधी येतो’, हे वाक्य मी प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात आपल्या राज्यात या निधीचे ऐंशी टक्के थेट ग्रामपंचायतीला, दहा टक्के पंचायत समितीला आणि दहा टक्के जिल्हा परिषदेला असं वाटप ठरलं होतं. ग्रामपंचायतीचा वाटा तिच्या खात्यात जमा व्हायला सरपंच जिल्हा परिषदेवर असण्याची गरज नव्हती. उरलेल्या वाट्याचं म्हणाल तर जिल्हा परिषदेचा सदस्य गटातल्या सगळ्या गावांचा असतो. तो स्वतःच त्यातल्या एका गावचा सरपंच असेल, तर शेजारच्या गावांनी काय समजायचं? त्याने प्रामाणिकपणे रस्ता आपल्या गावाला दिला तरी लोक म्हणणार, घरचंच बघितलं. न्याय म्हणून शेजारच्याला दिला तर त्याच्याच गावचे लोक म्हणणार, मग तुम्हाला पाठवलं कशाला. दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्याला काम करता येत नाही.

दोन अधिकार एका हातात गेले की काय होतं, याचा अनुभव गेल्या काही वर्षांत शहरांनीही घेतला. २०२२ मध्ये लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि त्याच वर्षी लातूर महापालिका व नांदेड-वाघाळा महापालिका यांचीही. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकल्याने निवडणुका झाल्या नाहीत. महापालिकांचं मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झालं. मधला तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी आणि महापालिकेत आयुक्त हेच प्रशासक होते. महापालिकेत प्रस्ताव तयार करतो आयुक्त, तो तपासायची स्थायी समिती आणि मंजूर करायची सर्वसाधारण सभा. प्रशासकाच्या काळात हे तिन्ही एकच. सकाळी ज्याने प्रस्तावावर सही केली त्यानेच दुपारी तो मंजूर करायचा. यात त्या अधिकाऱ्यांचा दोष नव्हता, त्यातल्या काहींनी मनापासून कामं केली. पण पाणी आठवड्याने आलं तर प्रभागातल्या माणसाने कुणाची कॉलर धरायची, हे त्या काळात सांगता येत नव्हतं. नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता येतं, आयुक्तांच्या केबिनबाहेर चिठ्ठी देऊन बसावं लागतं. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. मग गावात निवडून आलेल्या माणसाने तेच केलं की आपण शांत का राहतो?

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. दोन पदं एकाच नावावर नसतात, पण एकाच घरात असतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या. त्यातून फार चांगल्या कारभारणी पुढे आल्या, हे आवर्जून सांगतो. पण कित्येक गावांत नवरा सोसायटीचा चेअरमन, बायको सरपंच, आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसतो नवराच. पैसे काढायला लागणारी सरपंचाची डिजिटल सही त्याच्या खिशात किंवा ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असते. बाईंनी ती कधी पाहिलेलीही नसते. पतीने किंवा नातेवाइकाने कारभारात बसू नये, असं शासनाने परिपत्रकं काढून सांगितलं. परिपत्रक फाईलला लागलं आणि खुर्ची तशीच राहिली.

ताई, तुम्ही सरपंच असाल तर तुम्हाला वेगळं सांगतो. ती सही तुमची आहे. चौकशी आली तर नोटीस तुमच्या नावाने येते, वसुली निघाली तर तुमच्यावर निघते. कागद वाचल्याशिवाय, काम पाहिल्याशिवाय ती कुणाच्या हातात देऊ नका, घरच्यांच्याही नाही. मालक चेअरमन असतील तर त्यांना सोसायटीत बसू द्या, ग्रामपंचायतीत तुम्ही बसा. सुरुवातीला चार दिवस घरात कुरकुर होईल, पण ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, एकदा तुमच्यासमोर दप्तर उघडू लागला की पुढचं सोपं जातं.

घरातच पदं वाटण्याला मतदारांनी आवर घातल्याचं उदाहरण आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहे. २०२५ च्या अखेरीस लोहा नगरपरिषदेच्या निवडणुकीत एका मोठ्या पक्षाने नगराध्यक्षपदासह एकाच घरातल्या सहा जणांना उमेदवारी दिली. बातमी राज्यभर गाजली. कायद्याने त्यात काही चुकीचं नव्हतं. डिसेंबरच्या निकालात सहाही जण पडले. लोह्याच्या मतदारांची कारणं अनेक असतील, पण कायदा जिथे थांबतो तिथे मतपेटी पुढे जाऊ शकते एवढं तरी त्यातून दिसलं.

मग करायचं काय? सगळीच दोन पदं वाईट, असं मी म्हणत नाही. भजनी मंडळाचा अध्यक्ष सरपंच झाला, वाचनालयाचा कार्यवाह सोसायटीवर गेला, तर कुणाचं काही बिघडत नाही. एकच प्रश्न विचारा: या दोन पदांत कोण कुणाला हिशेब मागतो? कुणीच मागत नसेल तर खुशाल असू द्या. एकाने दुसऱ्याला मागायचा असेल आणि दोन्हीकडे एकच नाव असेल, तर तिथे बोला.

बोलण्याची जागा ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा पाठ करा. एकट्याने उठून विचारायला अवघड जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून पाच-सहा जण ठरवून जा, त्यात दोघी-तिघी बाया असू द्या, आणि व्यक्तीवर न बोलता विषय मांडा. ‘दक्षता समितीच्या बैठकीत स्वस्त धान्य दुकानाचा विषय निघेल तेव्हा सरपंचांनी अध्यक्षस्थान सोडावं, दुसऱ्या सदस्याने बैठक चालवावी’, असा ठराव मांडता येतो. त्याला सूचक आणि अनुमोदक द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अध्यक्षही पालकांतून निवडायचा असतो. तिथे ग्रामपंचायतीत नसलेला पालक पुढे करा. काय ठरलं ते प्रोसिडिंगमध्ये आलं का, हे सभा उठण्याआधी वाचून दाखवायला सांगा. ग्रामसभेत सगळे हो म्हणाले आणि वहीत काहीच नाही, हे आपल्याकडे फार होतं.

कामांची यादी आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाईलमध्येही दिसतो. गावात कुणातरी पोराला सांगा, तो काढून देईल. तिथे नाही समजलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. आणि खरोखर १४व्या कलमातली अपात्रता असेल, म्हणजे सरपंचाचाच ठेक्यात हात असेल, तर १६व्या कलमाखाली कुणालाही जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासाठी सदस्य किंवा विरोधी पॅनलचा उमेदवार असण्याची गरज नाही. मात्र हा मार्ग सूड म्हणून वापरू नका. हरलेल्या पॅनलने वकील लावून पाच वर्षं तारखा घालवायच्या आणि गावाने नालीविना राहायचं, असं कित्येक ठिकाणी झालंय. आधी त्या माणसाच्या ओसरीवर जा, चहा घ्या, आणि सरळ सांगा: ‘अप्पा, दोन्ही तुमच्याकडं नको, एक दुसऱ्याला द्या.’ पुष्कळ वेळा एवढ्याने होतं, कारण त्याला आजवर हे कुणी तोंडावर सांगितलेलंच नसतं.

आणि अप्पा, तुम्ही स्वतः हे वाचत असाल तर तुमच्या मनातलं मी जाणतो. तुम्ही गावासाठी राबलात, ही पदं मागून घेतली नाहीत, लोकांनी दिली. सोडली तर दुसऱ्या गटाचा माणूस बसेल आणि केलेलं सगळं मोडून टाकेल, ही भीतीही खोटी नाही. पण दोन्ही धरून ठेवलीत तर तुमच्या माघारी गावात कारभार जाणणारा एकही माणूस तयार झालेला नसेल. ज्या पदासाठी दुसरा माणूस उभा राहू शकतो ते पद आधी सोडा. त्याला सहा महिने सोबत घेऊन दप्तर समजावून द्या. सोसायटीचं सोडणार असाल तर पीककर्जाचा हंगाम संपल्यावर सोडा, म्हणजे लोकांचं अडणार नाही. ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वाचा राजीनामा सरपंचाकडे आणि सरपंचपदाचा पंचायत समितीच्या सभापतीकडे लेखी द्यायचा असतो. तो दिल्यावर पुढच्या ग्रामसभेत का दिला हे तुम्हीच उभं राहून सांगा, आणि ज्याच्या हाती ते काम चाललंय त्याला त्याच सभेत गावासमोर बोलू द्या.